रहेमानपर्यंत न पोचलेल्या गोळ्या

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या खैरटाकळीचे जुने ट्रान्सपोर्ट व्यावसायिक आदरणीय किसनराव. पांढरकवड्याहून ऊन झेलत आलेले प्रमुख पाहुणे, आरोग्य खात्याचे अधिकारी. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती डॉ. राजदीप मुनेश्वर आणि सौ. पायलताई; ग्रामीण रुग्णालयाचे कर्मचारी, आशाताई, मशीद कमिटीचे वडीलधारे, माझे सहशिक्षक; आणि मागच्या रांगांत, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना नमस्कार आणि सलाम.

सूत्रसंचालकांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे तीन मिनिटांत किती मावतं याचा मला अंदाज आहे. आजचं माझं बोलणं त्यात मावणार नाही. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली तरी मी थांबणार नाही, हे आधीच नम्रपणे सांगून ठेवते.

माझ्याआधी जे बोलले त्यांनी डॉक्टरांना देवमाणूस म्हटलं. त्या वेळी डॉक्टर मान खाली घालून बसले होते. आपल्याला तो विनय वाटला असेल. मला नाही वाटला. काल शाळा सुटल्यावर ते माझ्याकडे आले होते. म्हणाले, "मॅडम, उद्या तुम्ही बोला. गुळमुळीत बोलू नका. रहेमानचं सांगा." मी विचारलं, "सगळं?" ते म्हणाले, "सगळं." मग मी घरी जाऊन अनवरीला विचारलं. ती रहेमानची बायको, माझी भावजय. ती म्हणाली, "माह्यं नाव घ्या आपा. माह्यासारख्या दुसऱ्या कोणाचं नका घेऊ." तेव्हा मी दोन माणसांच्या परवानगीनं उभी आहे. रहेमानची परवानगी घेता येत नाही. तो माझा धाकटा भाऊ होता.

रहेमानचं गॅरेज हायवेवर, ढाब्याच्या पलीकडे होतं. नव्या लोकांना आता तिथे टायरचं दुकान दिसतं. नागपूरहून हैदराबादला जाणारा ट्रक त्याच्याकडे थांबला, की तो आधी ड्रायव्हरचे डोळे बघायचा. डोळे लाल दिसले तर चावी काढून खिशात टाकायचा आणि ड्रायव्हरला खाटेवर झोपवायचा. गाडी तासाभरात तयार झाली तरी माणूस उठेपर्यंत चावी द्यायचा नाही. ड्रायव्हर शिव्या द्यायचे आणि पुढच्या फेरीला पुन्हा त्याच्याकडेच यायचे. किसनराव, तुमच्या गाड्या त्या खाटेमुळे घाटात उलटल्या नाहीत, असं तुम्हीच पूर्वी चारचौघांत सांगत होतात. मी ऐकलेलं आहे.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात त्याला खोकला लागला. पोळ्यापर्यंत अंगावरचा शर्ट हँगरवर अडकवल्यासारखा दिसायला लागला. आपल्या दवाखान्यात टीबी निघाला. एक दिवसाआड गोळ्या सुरू झाल्या आणि त्याला बरं वाटायला लागलं. तो पुन्हा दोन घास जेवायला लागला. मग ऑक्टोबरमध्ये रक्ताची दुसरी तपासणी झाली, आणि तिचा निकाल ऐकायला मी त्याच्यासोबत गेले.

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर माणसं होती. डॉक्टर राजदीप तेव्हा नवीन होते, तिशीही ओलांडली नव्हती. ते म्हणाले, "मॅडम, टीबी बरा होईल. पण मूळ आजार एड्सचा आहे. त्याला औषध नाही. घरी न्या, चांगलंचुंगलं खाऊ घाला."

मी म्हटलं, "काहीच नाही? मुंबईला, पुण्याला?"

ते म्हणाले, "परदेशात असतं काहीतरी. ते आपल्यासारख्यांसाठी नाही."

आपल्यासारख्यांसाठी. मी हा शब्द सहा वर्षं चघळते आहे. डॉक्टर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मजुरी करणाऱ्या बापाचे चिरंजीव. त्यांनी तो शब्द हिणवून वापरला नव्हता, हे मला ठाऊक आहे. आपण सगळे एकाच पंगतीतले आहोत, त्या पंगतीत हे वाढलं जात नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण ते खोटं होतं. त्याच महिन्यात, त्याच दिवशी, नागपूरला सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या फुकट मिळत होत्या. फुकट. आपल्या स्टँडवरून एसटीत बसलं, की माणूस दुपारच्या जेवणापर्यंत नागपुरात पोचतो.

रहेमान घरी आला आणि त्यानं टीबीच्या गोळ्या बंद केल्या. मी हात जोडले, रागावले, अब्बा रडले. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आपा, मरायचंच हाये तं ह्या गोळ्या कायले गिळू? डॉक्टरच म्हन्ते ना औषध नाही म्हनून."

सभ्य स्त्री-पुरुषहो, माणूस आजारानं मरतो असं आपण म्हणतो. माझा भाऊ एका वाक्यानं मेला. जे औषध त्याला लागू पडत होतं, तेसुद्धा त्या वाक्यानं त्याच्या हातातून काढून घेतलं.

मला नंतर कळलेली आणखी एक गोष्ट सांगते. ह्या गोळ्या एकत्र घेतल्या की आजार दबतो, माणूस उठून कामाला लागतो, हे जगाला एकोणीसशे शहाण्णव सालीच कळलं होतं. पुढे त्या गोळ्या स्वस्तात तयार व्हायला लागल्या, त्या कुठे? आपल्याच देशात. हैदराबादच्या कारखान्यांतसुद्धा. तिथून त्या जगभर गेल्या, आफ्रिकेतल्या खेड्यांत गेल्या. हैदराबादहून उत्तरेकडे जाणारा माल कोणत्या रस्त्यानं जातो, ते ह्या सभागृहात मी कोणाला सांगायला नको. त्यातली काही खोकी आपल्या गावावरून गेली असतील. एखाद्या ट्रकचे ब्रेक रहेमाननं बसवून दिले असतील. माल पुढे गेला. त्यात काय होतं हे त्याला सांगायला कोणी नव्हतं.

त्याला हा आजार कुठून लागला, असं विचारणारे मला खूप भेटले. हसून विचारणारे, डोळा मिचकावून विचारणारे, दुवा देता देता विचारणारे. औषध कुठे मिळेल असं विचारणारा एकही भेटला नाही. किसनराव, बातमी फुटल्यावर तुमच्या गाड्या गॅरेजसमोरून हॉर्न न वाजवता जायला लागल्या. रहेमान खाटेवर बसून त्यांचे नंबर वाचायचा. मी आपला अपमान करत नाही. आपण आजचे अध्यक्ष आहात, आणि अध्यक्षांसमोर खरं बोलावं असा सभेचा शिरस्ता आहे.

संक्रांतीच्या सुमारास तो गेला. आमच्यात दफन करण्याआधी मय्यतीला आंघोळ घालतात, तिला गुस्ल म्हणतात. घरात पाणी तापवलं, कापूर आणला, कफन आणलं. गुस्ल द्यायला ज्यांना बोलावलं ते अंगणापर्यंत आले आणि थांबले. एकानं तोंडाला रुमाल लावला. एक जण म्हणाला, "पानी दूर से डाल देते." माझे अब्बा तेव्हा सत्तरीला टेकलेले, गुडघ्यातून वाकता येत नव्हतं. बाह्या दुमडल्या, आत गेले, आणि आपल्या मुलाला त्यांनी एकट्यानं आंघोळ घातली. मी दाराआडून पाण्याचा आवाज ऐकत होते. कमिटीचे वडीलधारे इथे समोर बसले आहेत. मरण पावलेल्या शरीराला हात लावल्यानं, तेही हातमोजे घालून, काही होत नाही, हे तेव्हाही माहीत करून घेता आलं असतं. आपण विचारलं नाही. कोणीच कोणाला काही विचारत नव्हतं. तोच खरा आजार होता.

ते दिवस आठवा. कापसाच्या प्रश्नानं आपला जिल्हा रोज पेपरात होता. ह्याच रस्त्यानं लाल दिव्याच्या गाड्या जात होत्या, दिल्लीचे लोक येत होते, कॅमेरे येत होते. शेतकऱ्यांची ती मरणं खरी होती. त्यांची विचारपूस व्हायलाच हवी होती, तिला मी तसूभरही कमी लेखत नाही. पण एकदा एक मोठे साहेब आमच्या शाळेत चहाला थांबले. मी मुद्दाम ट्रे घेऊन पुढे गेले आणि म्हटलं, "साहेब, हायवेच्या गावांत तरुण माणसं ह्या आजारानं मरताहेत, त्यांना औषध आहे की नाही एवढं तरी सांगा." साहेबांनी बिस्कीट उचललं आणि म्हणाले, "मॅडम, तो विषय दुसऱ्या खात्याचा आहे." मी ट्रे घेऊन परत आले. आमच्या मरणाचं खातंच वेगळं होतं.

आता डॉक्टरांकडे येते. होळी होऊन गेली होती. दुपारची वेळ. मी सुट्टी म्हणून घरी होते. दारात डॉक्टर उभे. खांद्याला प्रवासाची पिशवी, शर्ट घामानं भिजलेला. नागपूरला ह्याच आजारावर त्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसरा कोणी जायला तयार नव्हता म्हणून ह्यांना पाठवलं होतं. तिथे त्यांना वॉर्डात नेलं. एक ट्रक ड्रायव्हर पलंगावर बसून वाढप्याशी भांडत होता, वरण पातळ आहे म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा माणूस तीन महिन्यांपूर्वी स्ट्रेचरवर आला होता, पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. आमचे डॉक्टर त्या भांडणाऱ्या माणसाकडे बघत राहिले. मग परतीची एसटी धरली, आणि स्टँडवर उतरून स्वतःच्या घरी न जाता थेट आमच्या दारात आले.

ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मॅडम, मी चुकीचं सांगितलं होतं. औषध आहे. तेव्हाही होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत करून घेतलं नाही."

मी त्यांना काय बोलले ते इथे पूर्ण सांगता येणार नाही. मराठीच्या बाईंच्या तोंडी ते शोभणार नाही. शेवटी एवढं म्हटलं, "रहेमान कबरीत आहे. तिकडे जाऊन सांगा. इथे कोणाला सांगायला आलात?"

ते म्हणाले, "वहिनींना."

अनवरी चुलीपाशी बसली होती. तिला सातवा महिना होता. तिचंही रक्त तपासलेलं होतं, आणि तिलाही तोच आजार निघाला होता. सगळं घर बाळंतपणाची नाही, दुसऱ्या मय्यतीची वाट बघत होतं. तिनं पदरानं हात पुसले आणि तिथूनच विचारलं, "डॉक्टर साहेब, माह्या पोटातल्याचं काय होईन?"

डॉक्टर म्हणाले, "वाचू शकते. तुम्ही पण वाचू शकता. पण उद्याच निघावं लागेल."

मी दार लावायला पुढे झाले होते. अब्बांनी माझा हात धरून बाजूला केला. डॉक्टरांना म्हणाले, "बैठो डॉक्टर साब. पानी पियो. बहू को कब लेके जाना है, बोलो."

मी त्या दिवशी अब्बांवरही चिडले. इतकं सहज त्यांनी त्या माणसाला आत घेतलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत अनवरीच्या शेजारी मी बसले होते आणि मागच्या सीटवर डॉक्टर होते. रजा टाकून.

अनवरीच्या गोळ्या सुरू झाल्या. आधी उलट्या, चक्कर, अंगावर पुरळ. ती म्हणायची, "आपा, ह्या गोळ्या मले मारून राहिल्या." डॉक्टर दर दोन दिवसांनी येऊन बसायचे, विचारायचे, औषध बदलायला पुन्हा नागपूरला न्यायचे. पुढे यवतमाळला सोय झाली तेव्हा तो फेरा कमी झाला.

जूनमध्ये भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. लोडशेडिंगमुळे लाइट नव्हते. दवाखान्यातल्या बायकांनी पाणी तापवून दिलं आणि त्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. इथे बसलेल्या आहेत त्या, आणि मी त्यांना नावानं ओळखते. आत डॉक्टर, मी, आणि पायलताई. पायलताईंना दवाखान्याच्या कामाची काही माहिती नव्हती, त्या नवऱ्याचा डबा घेऊन आल्या होत्या. डबा खिडकीत ठेवला आणि अनवरीचा हात धरून बसल्या, शेवटपर्यंत. ताई, आज सगळ्यांनी तुम्हाला गजरा दिला, साडी दिली. त्या दुपारबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलते. तुमचे उपकार आहेत.

मुलगी झाली. तिचं नाव कशफ. जन्मल्याबरोबर तिला औषधाचे थेंब दिले. पुढचं दीड वर्ष आम्ही कसं काढलं ते विचारू नका. तिला शिंक आली तरी घर थांबायचं. मग शेवटची तपासणी झाली. तिच्या रक्तात काही नाही. काही म्हणजे काही नाही. डॉक्टर ते सांगताना दवाखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून रडले, आणि मी उभी राहून बघत होते. मला त्यांची दया आली नाही. मला एवढंच वाटत होतं, की हे त्या ऑक्टोबरमध्ये कळलं असतं तर ह्या मुलीला बाप असता.

डॉक्टर, सगळ्या गावासमोर सांगते. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्हीही माफी मागितली नाहीत, हे बरं केलंत. पण आपली चूक उघड कबूल करायला भर उन्हात चालत आलेला माणूस मी माझ्या आयुष्यात एकच पाहिला. त्यानंतर झरी जामणीच्या जंगलातल्या पोडांवर, कोलामांच्या वस्त्यांवर, तुम्ही मोटरसायकलनं गेलात, ढाब्यांवर बसलात, ट्रकच्या केबिनमध्ये चढून ड्रायव्हरांना सांगितलंत. लोकांनी तुम्हाला एड्सवाला डॉक्टर म्हणून चिडवलं. ज्यांनी चिडवलं त्यांनी आज हार घातले. मी हार आणलेला नाही.

आणि हार घालणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. डॉक्टरांची बदली झाली. त्यांच्या जागी कोण येणार? गेले दोन आठवडे मी हे विचारते आहे, उत्तर मिळतं, "बघू." मागच्या रांगेत बसलेली माणसं सोमवारी कोणाकडे जाणार? शाल द्यायला आपण तत्पर असतो. रिकाम्या खुर्चीबद्दल एकही वक्ता बोलला नाही. प्रमुख पाहुण्यांनी परत जाण्यापूर्वी ह्याचं उत्तर इथे, ह्या माइकवर द्यावं, अशी मी विनंती करते. मी वाट बघते आहे.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आमच्या घरी येऊन एक नवी बातमी सांगितली. ती अजून आपल्या पेपरात नीट आलेली नाही. जगात अनेक देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला. नवरा-बायकोत एकाला आजार आहे, दुसऱ्याला नाही, अशी जोडपी त्यात होती. त्यात दिसलं, की आजार असलेल्या माणसानं लवकर गोळ्या सुरू केल्या आणि त्या न चुकता घेतल्या, तर त्याच्यापासून जोडीदाराला लागण होणं जवळजवळ थांबतं. म्हणजे ही गोळी घेणाऱ्याला जगवते आणि दुसऱ्यालाही वाचवते. नीट ऐका. आपल्याकडे अजूनही रक्तातल्या पेशींचा आकडा अमुक इतका खाली उतरल्याशिवाय गोळ्या सुरू करत नाहीत. म्हणजे माणूस पुरेसा खंगेपर्यंत थांबा, असं आपण त्याला सांगतो. त्यावरही भांडायचं आहे.

ही बातमी मी इथे का सांगते? कारण पहिली बातमी शहाण्णव साली निघाली आणि आमच्या दारात दोन हजार सहा साली पोचली, तीही एका माणसाला लाज वाटली म्हणून. ही दुसरी बातमी मी तशी पोचू देणार नाही. आज ह्या सभागृहात ती तुम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकली. उद्या कोणी म्हणू नये, आम्हाला माहीत नव्हतं.

आणि ही बातमी आमच्या घरी नुसती बातमी नाही. आदिलाबादकडच्या बेल्याचे फैज, शिवणकाम करतात, त्यांनी अनवरीला मागणी घातली आहे. त्यांना तिच्या आजाराची पहिल्या दिवसापासून माहिती आहे. त्यांना स्वतःला आजार नाही. काही वडीलधाऱ्यांनी अब्बांना येऊन समजावलं, की चांगल्या मुलाला कशाला मारता. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं, काय धोका उरतो, कोणती काळजी घ्यायची, काही लपवलं नाही. फैज म्हणाले, "मले समजलं. मी तयार हावो." अनवरी तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "आपा, त्यायले हो म्हना."

ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या अंगणात निकाह आहे. घरोघरी येऊन बोलावणं शक्य होणार नाही, म्हणून इथूनच सर्वांना आमंत्रण देते. अध्यक्ष महोदय, कमिटीचे वडीलधारे, दवाखान्याच्या बायका, आपणही या. मी अजून रागावलेली आहे, आणि तरी बोलावते आहे. जेवण अनवरी स्वतःच्या हातानं वाढणार आहे. कोण ताटावर बसतं ते मी बघणार आहे.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत याबद्दल आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाच्या नावाचा, मानाचा उल्लेख राहिला असेल, शब्द कुठे तोल सोडून गेला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. जे घडलं ते सांगितल्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही. डॉक्टर, नव्या गावी पोचलात की पहिल्याच दिवशी तिथल्या लोकांना सांगा, औषध आहे. नमस्कार. खुदा हाफिज.